मदत हवी आहे: वाइडबँड सेन्सरची ग्राउंड वायर नेमकी कुठे जोडू?

गाडी मारुती जिप्सी, 1.3 लिटर इंजिन, स्टँडअलोन ईसीयू (कंपनीच्या जागी बसवलेला, स्वतः ट्यून करता येणारा इंजिनचा संगणक). सायलेन्सर पाइपात बॉशचा एलएसयू 4.9 वाइडबँड सेन्सर (धुरातल्या ऑक्सिजनवरून मिश्रण मोजणारा), त्याला वेगळा कंट्रोलर. त्याचं ॲनालॉग आउटपुट 0 ते 5 व्होल्ट, म्हणजे एएफआर (हवा-इंधन प्रमाण) 10 ते 20. ईसीयूमध्ये हेच स्केल भरलंय.

आयडलला गेज 14.7 दाखवतो, त्याच क्षणी ईसीयूच्या लॉगमध्ये 15.3. हेडलाइट लावले की फरक अजून वाढतो. त्यामुळे टेबलात आकडे जुळवून घेण्यात अर्थ नाही, आणि क्लोज्ड लूप (सेन्सर वाचून ईसीयूने इंधन आपोआप कमी-जास्त करणं) तूर्त बंदच ठेवलाय.

कंट्रोलरच्या काळ्या (हीटर ग्राउंड) आणि तपकिरी (सिग्नल ग्राउंड) दोन्ही वायर मी एकाच लगमध्ये (वायरच्या टोकाच्या रिंगमध्ये) घालून फायरवॉलच्या बोल्टला कसल्यात. तिथपासून ईसीयूच्या सेन्सर ग्राउंडपर्यंत मल्टिमीटर 0.3 व्होल्ट दाखवतो. कंट्रोलरचा फ्यूज काढला की जवळपास शून्य. म्हणजे हीटरचा करंटच घोळ घालतोय, एवढं कळलं. बोल्टखालचा रंग खरवडला, लग बदलला, फरक नाही. कंट्रोलरला कॅन (डिजिटल डेटा) आउटपुट नाही, त्यामुळे तो मार्ग बंद.

आता काळी वायर इंजिन ब्लॉकवर, ईसीयूच्या पॉवर ग्राउंडशेजारी नेणार आहे. तपकिरी ईसीयूच्या सेन्सर ग्राउंड पिनला द्यावी असं वाटतं, पण कंट्रोलरच्या आत या दोन्ही जोडलेल्या आहेत, कंटिन्युइटी मिळते. उद्या ब्लॉकवरची वायर सैल झाली तर हीटरचा सगळा करंट ईसीयूच्या बारीक ट्रॅकमधून जाईल, याची धास्ती वाटते.

तपकिरी वायर सेन्सर ग्राउंडलाच द्यावी, की दोन्ही ब्लॉकवर एकाच बोल्टला?