मदत हवी आहे: किडनी प्रत्यारोपणानंतर अंगावर लाल गाठी (बॅसिलरी अँजिओमॅटोसिस?)

नमस्कार मंडळी,

मोठ्या भावासाठी धागा काढतेय. दादा चाळिशीतला. आईची किडनी बसवलीय, शरीराने ती नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि थोडं स्टेरॉइड चालू आहे. क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) आजवर व्यवस्थित. आम्ही सांगलीकडचे, प्रत्यारोपण पुण्यात झालं.

दिवाळीनंतर त्याच्या दंडावर मसुराएवढी लालबुंद पुळी आली. मग पाठीवर, कपाळावर. दंडावरची आता बोराएवढी झालीय, जांभळट आणि चकचकीत. बनियन घासलं तरी रक्त येतं आणि लवकर थांबत नाही. संध्याकाळी कणकण असते, वजनही उतरलंय. गावातले डॉक्टर म्हणाले चामखीळ आहे, जाळून टाकू. वहिनी अडून बसली म्हणून ते राहिलं.

त्वचारोगतज्ज्ञांनी दोन शक्यता सांगितल्या: कापोसी सार्कोमा, नाहीतर बॅसिलरी अँजिओमॅटोसिस. पहिला कर्करोग, दुसरा बार्टोनेला जिवाणूचा संसर्ग, म्हणजे अँटिबायोटिकने बरा होणारा. एचआयव्ही निगेटिव्ह आहे. बायोप्सीत (गाठीचा तुकडा काढून तपासला) नव्या रक्तवाहिन्यांची गर्दी आणि न्यूट्रोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या) पेशी दिसल्या, खाली 'वॉर्थिन-स्टारी स्टेन करावा' अशी ओळ, म्हणजे तुकड्याला खास रंग देऊन करायची तपासणी. मग डॉक्टरांनी विचारलं, घरात मांजर आहे का? आणि घरात रामायण सुरू झालं.

मांजर आहे. पुतणीने पावसाळ्यात उचलून आणलेलं पिल्लू, पिसवांनी भरलेलं, झोपतं दादाच्या मांडीवर. ओरखडे रोजचेच. आई म्हणते, "पोत्यात घाला आणि नदीपलीकडे सोडून या. मी दिलेली किडनी मांजरापायी घालवायची का?" यावर कोण काय बोलणार! पुतणी जेवत नाहीये.

तर, हा स्टेन कुठे होतो? मिरजेत होईल की पुणं गाठायला लागेल? ओळखीतल्या एकांनी एरिथ्रोमायसिन लगेच सुरू करा म्हणून सांगितलंय, ते करावं का? आणि मांजराचं काय करायचं? झाडपाल्याचे उपाय कृपया नकोत.

सूक्ष्मदर्शी:
ताई, मी पॅथॉलॉजीत काम करतो. लॅबकडून मेणाचा ब्लॉक (ज्यात तो तुकडा जपून ठेवलेला असतो) आणि स्लाइड मागून घ्या, पेशंटला त्या मिळतात. पुन्हा तुकडा काढायची गरज बहुधा पडणार नाही. मिरजेत आधी फोन करून विचारा. वॉर्थिन-स्टारी हा चांदीचा स्टेन, करायला किचकट, सगळीकडे होत नाही. जिवाणू असतील तर काळे पुंजके दिसतात. त्याच ब्लॉकवर एचएचव्ही-८ (कापोसीशी जोडलेला विषाणू) चा स्टेनही करून घ्या, कापोसीचा प्रश्न त्याने सुटतो. न्यूट्रोफिल दिसले हे मला आशादायक वाटतं, कापोसीत सहसा लिम्फोसाइट आणि प्लाझ्मा या दुसऱ्या प्रकारच्या पेशी असतात. नेहमीचं कल्चर (जिवाणू वाढवून बघायची तपासणी) निगेटिव्ह आलं तर त्यावर विसंबू नका. हा जिवाणू वाढायला आठवडे घेतो. पीसीआर (जिवाणूचा डीएनए शोधणारी तपासणी) होत असेल तर उत्तम.

अवांतर: याच कुळातल्या दुसऱ्या जिवाणूने पेरूमध्ये अशाच रक्ताळ गाठी येतात, तो वाळूमाशीतून पसरतो. तिथल्या डॅनिएल कॅरियन या वैद्यकीय विद्यार्थ्याने १८८५ मध्ये अशा गाठीतलं रक्त स्वतःला टोचून घेतलं आणि तिथल्याच एका जीवघेण्या तापाने तो गेला. पण गाठी आणि तो ताप एकाच रोगाचे, हे त्यातून कळलं.

दुसरी_किडनी:
मीही प्रत्यारोपणवाला. एरिथ्रोमायसिन स्वतःहून सुरू करू नका!! या रोगावर ते चालतं, पण टॅक्रोलिमसची रक्तातली पातळी भसकन वाढवतं आणि किडनीलाच त्रास होतो. क्लॅरिथ्रोमायसिनचंही तेच. डॉक्सीसायक्लिनचा तो त्रास सहसा नसतो. साधारण १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, किमान ३ महिने देतात. पण ठरवायचं नेफ्रोलॉजिस्टने (किडनीच्या डॉक्टरांनी). गाठी लवकर मावळतात आणि माणूस गोळ्या सोडतो, मग रोग उलटतो. दूध, कॅल्शियम, लोहाच्या गोळीबरोबर ती घ्यायची नाही, भरपूर पाणी प्यायचं, लगेच आडवं व्हायचं नाही. पहिल्या काही डोसनंतर ताप चढू शकतो, तसं झालं तर डॉक्टरांना लगेच कळवा. पोटाची सोनोग्राफी झालीय का? यकृतात आणि प्लीहेतही रक्ताच्या पोकळ्या होऊ शकतात.

मनीमाऊ:
आईंना म्हणावं, मांजर नदीपलीकडे गेलं तरी दादांच्या अंगातला जिवाणू कुठे जाणार आहे? पिल्लू स्वतः ठणठणीत दिसतं, पण रक्तात जिवाणू बाळगून असतं. पिसवांची विष्ठा नखांत अडकते आणि ओरखड्यातून आत जाते. लहान पिल्लांत हे जास्त. पिल्लू सध्या एखाद्या मैत्रिणीकडे ठेवा, व्हेटकडून पिसवांचं औषध लावून घ्या. कुत्र्यांचं पर्मेथ्रिनवालं औषध चुकूनही नको, मांजराला ते विष आहे. परत आणायचं की नाही ते दादांच्या डॉक्टरांना विचारून ठरवा. प्रत्यारोपण झालेल्यांनी वर्षाच्या आतलं पिल्लू पाळू नये, असंच सांगतात.

धागाकर्ती:
सगळ्यांचे आभार. एरिथ्रोमायसिन सुरू केलेलं नाही, नेफ्रोलॉजिस्टना मेसेज केलाय. सोनोग्राफी झालेली नाही, तीही विचारते. ब्लॉक आणायला उद्या वहिनी जातेय. पिल्लू पुतणीच्या मैत्रिणीकडे राहील, यावर आई आणि पुतणी दोघी कशाबशा तयार झाल्यात. सूक्ष्मदर्शी, तुमचं अवांतर मात्र आईला वाचून दाखवणार नाही. एक राहिलं: ब्लॉक कुरियरने पाठवला तर चालतो का, की हातानेच न्यावा?