प्रबंधाची अनुक्रमणिका वर्डमधी आपोआप कशी करायची? पान नंबर जुळंनात

गेवराईकर
नमस्कार मंडळी, बायकोचा पीएचडीचा प्रबंध सबमिट करायचाय, विषय ऊसतोड महिला कामगारांचं आरोग्य, अडीचशेच्या वर पानं झालीत. अर्धं टायपिंग डीटीपीवाल्यानं कृतिदेव फॉन्टमधी केलेलं, अर्धं हिनं घरी युनिकोडमधी. अनुक्रमणिका हातानंच केलीय, टिंबं टिंबं देऊन पुढं पान नंबर. आता गाईड सरांनी दुसऱ्या प्रकरणात दोन तक्ते वाढवायला लावले तर पुढचे सगळे नंबर सरकले, परत बसा बदलत. कुणीतरी म्हणलं वर्ड आपोआप करून देतं, म्हणून रेफरन्सेसमधी जाऊन टेबल ऑफ कन्टेन्ट्स दाबलं तर एकही नोंद सापडली नाही म्हणायलंय. शीर्षकं तर चांगली बोल्ड करून मोठ्या अक्षरात दिलीत की, कामून सापडंनात?

डीटीपीवाला परभणी
बोल्ड केलं न मोठं केलं तर ते आपल्याला शीर्षक वाटतं भाऊ, वर्डला ते साधा मजकूरच. होम टॅबवर स्टाईल्सचे डबे आहेत ना, तिथून प्रकरणाच्या नावाला हेडिंग १, त्याखालच्या मुद्द्याला हेडिंग २, उपमुद्द्याला हेडिंग ३ द्या. निळं दिसतंय म्हणून घाबरू नका, तुमच्या पद्धतीनं एकदा फॉन्ट-साईज करून त्या डब्यावर राईट क्लिक करा न अपडेट टू मॅच सिलेक्शन म्हणा, सगळीकडची बदलतात. मग टेबल ऑफ कन्टेन्ट्स टाका. पुढं काही वाढलं-घटलं की अनुक्रमणिकेत क्लिक करून एफ ९ दाबायचं, ते विचारतं फक्त पान नंबर बदलू का पूर्ण टेबल, शीर्षकात काही बदललं असंल तर पूर्णच घ्या. आणि 'प्रकरण तिसरे' लिहून एन्टर मारून खाली नाव लिहिलं असंल तर अनुक्रमणिकेत त्याच्या दोन नोंदी होतात, तिथं शिफ्ट एन्टर मारा. अन् हो, आमच्या धंद्यात बरेच जण प्रकरणागणिक वेगळी फाईल ठेवतात, तसं असंल तर आधी सगळं एका फाईलमधी आणा, नाहीतर हे जमायचं नाही.

गेवराईकर
दादा लई भारी, झालं की! पण अर्ध्या ओळी मराठीत न अर्ध्या इंग्रजीत कायतरी गिचमिड दिसायल्यात. डाव्या बाजूला ती नेव्हिगेशनची पट्टी उघडली तर तिथंबी तेच.

लातूरची ताई
ते कृतिदेवमुळं. कृतिदेवमधी 'मराठवाडा' लिहिलं तरी कॉम्प्युटरच्या लेखी ते ई, जे, के, बी असंच असतं, फक्त फॉन्ट त्याला मराठीचं रूप देतो. अनुक्रमणिकेला स्वतःची स्टाईल असते, टीओसी १, टीओसी २ अशी, तिचा फॉन्ट वेगळा म्हणून आतलं खरं रूप बाहेर पडतंय. टीओसी १ मॉडिफाय करून कृतिदेव देता येईल, पण मग शीर्षकातल्या इंग्रजी शब्दांची वाट लागंल आणि नेव्हिगेशनच्या पट्टीचा फॉन्ट तर तसा बदलतच नाही. माझं ऐका, सगळं युनिकोडला कन्व्हर्ट करून घ्या न मग रफार आणि ऱ्हस्व वेलांट्या डोळ्याखालून घाला, तिथंच गडबड होती जास्त. युनिकोड झाल्यावर टीओसी स्टाईलचा फॉन्ट बदलायचा असंल तर कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्सच्या रकान्यात बदला, वरच्या रकान्यात कितीबी बदललं तरी देवनागरीला फरक पडत नाही.

जुना_टायपिस्ट
एवढ्या उठाठेवीपेक्षा शेवटच्या दिवशी हातानं नंबर टाका न मोकळे व्हा.

डीटीपीवाला परभणी
काका, शेवटच्या दिवशीच तर गाईड एक परिच्छेद वाढवायला लावतात 😄

ग्रंथपाल नांदेड
दोन गोष्टी सांगते. मनोगत, प्रमाणपत्र वगैरे पानांना रोमन आकडे लागतात, त्यासाठी पहिल्या प्रकरणाआधी सेक्शन ब्रेक, नेक्स्ट पेज टाका, फुटरमधलं लिंक टू प्रीव्हियस बंद करा न नंबर १ पासून सुरू करा. पानावर जो नंबर छापलाय तोच अनुक्रमणिका उचलते. दुसरं, पीडीएफ करताना प्रिंटमधून करू नका, सेव्ह ॲजमधून पीडीएफ निवडा आणि ऑप्शन्समधी हेडिंग्जवरून बुकमार्क्स हे चालू करा. मग वाचणाऱ्याला बाजूला सगळी प्रकरणं दिसतात, क्लिक केलं की थेट त्या पानावर. परीक्षकांना याचा खरा उपयोग. शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात, प्रकरणं वेगवेगळ्या पीडीएफमधी जातात, तिथं एका फाईलमधून दुसरीत उडी मारता येत नाही, म्हणून छापील नंबर बरोबर असणं जास्त महत्त्वाचं. त्याच ऑप्शन्समधी पानांची रेंज देऊन प्रकरणं वेगळी काढा, मूळ फाईल तोडू नका.

गेवराईकर
कन्व्हर्टला बसवलंय बायकोला, म्हणजे खरं तर तिनंच मला बसवलंय. तक्त्यांची यादी पण लागती का वेगळी? ती पण आपोआप होती का?

ग्रंथपाल नांदेड
लागते. पूर्ण तक्ता निवडून राईट क्लिक, इन्सर्ट कॅप्शन, लेबल टेबल. 'तक्ता' हवं असेल तर न्यू लेबलमधी तसं लिहा. मग रेफरन्सेसमधी इन्सर्ट टेबल ऑफ फिगर्स. हातानं लिहिलेले तक्ता क्रमांक त्यात येत नाहीत, ते आधी काढून टाका.