"आय" म्हटलं की नेड, "आउटविथ" म्हटलं की प्रोफेसर?

निशिगंधा_क्लाइडकाठ

मंडळी, ग्लासगोत येऊन अकरा वर्षं झाली, पण परवाच्या प्रसंगापासून डोकं भणभणतंय म्हणून धागा काढतेय.

लेक आठ वर्षांची, इथल्याच सरकारी शाळेत. तिच्या वर्गातल्या एका मुलाकडे खेळायला नेलं होतं, घर एकदम चांगल्या वस्तीत. खेळता खेळता पोरगी दारातून ओरडली, "आय, बट वी'र गॉनी हॅव अ पीस फर्स्ट, युज वॉन्ट वन?" म्हणजे हो, पण आधी सँडविच खाणार, तुम्हा सगळ्यांना हवंय का. त्या मुलाची आई हसली आणि हळूच मला म्हणाली, जरा लक्ष दे हो, स्कीममधल्या पोरांसारखी बोलायला लागलीये, पुढे नेड होतील हे लोक. (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : स्कीम म्हणजे कौन्सिलने बांधलेल्या घरांची वसाहत, आणि नेड म्हणजे ट्रॅकसूट घालून कोपऱ्यावर उभा राहणारा टपोरी. नेड म्हणजे नॉन एज्युकेटेड डेलिंक्वंट असं इथे सगळे छातीठोक सांगतात, ती फोड मागाहून चिकटवलेली आहे.)

आणि आता मजा ऐका. हीच बाई पुढच्या पाच मिनिटांत मला "वी कप ऑफ टी" (वी म्हणजे छोटासा) विचारते, नवरा "मेसेजेस" आणायला गेलाय म्हणते म्हणजे किराणा, आणि शाळेची वेळ बदलली ते "आउटविथ माय कंट्रोल" आहे म्हणते, म्हणजे हाताबाहेरचं. यातला आउटविथ शब्द लंडनवाल्याला सांगून बघा, तोंडाकडे बघत बसेल. तिला वाटतं ती शुद्ध इंग्लिश बोलतेय! वर फ्रीजवर मुलाचं सर्टिफिकेट, रॉबर्ट बर्न्स या स्कॉटिश कवीची कविता म्हटल्याबद्दल. म्हणजे २५ जानेवारीला, बर्न्सच्या जयंतीला, किल्ट घालून तेच शब्द म्हटले की संस्कृती, आणि फेब्रुवारीत माझ्या पोरीने म्हटले की स्कीम.

माझं म्हणणं एवढंच, की इथे स्लँग नावाचं काही नसतं, कोणत्या पत्त्यावरचं तोंड बोलतंय ते असतं. मी लेकीला टोकणार नाहीये. तुमचं मत?

व्यवहारी_विनू

ताई, राग मानू नका पण सपशेल असहमत. तुम्ही बर्न्सला आणि टपोरी भाषेला एका पोत्यात भरताय. स्कॉट्स ही वेगळी भाषा आहे, मान्य, १६०३ मध्ये राजाच लंडनला गेला तोवर दरबारात तीच चालायची. पण "आय सीन इट", "आय'व्ह वेन्ट", थिंकला फिंक, हे काय बर्न्सचं आहे? ते फिंक तर लंडनकडून आलंय. त्याला वारसा म्हणून मिरवायचं असेल तर मिरवा.

आणि खरा मुद्दा. इंटरव्ह्यूला गोरा पोरगा तसं बोलला तर त्याच्या कपाळावर एक शिक्का बसतो. आपल्या पोरांना नाव आणि रंग यांचे दोन आधीच बसलेले असतात, तिसरा कशाला हौसेने मारून घ्यायचा? भाषेच्या समतेची प्रयोगशाळा स्वतःच्या मुलीवर नका चालवू.

डॉ_रातपाळी

विनू, मी लानार्कशरला इमर्जन्सीत काम करते, माझा अनुभव सांगते. पहिल्याच आठवड्यात एक आजोबा म्हणाले, "मा ऑक्स्टर्स लाउपिन, हेन." मला ऑक्स ऐकू आलं आणि हेन ऐकू आली, म्हटलं बैल आणि कोंबडी, शेतकरी असतील, काहीतरी जनावर लागलंय! नर्सने हसत स्वतःची काख दाखवली. ऑक्स्टर म्हणजे काख, ती ठणकतेय. हेन म्हणजे मी, आपण "बाळा" म्हणतो तसं. मग हळूहळू कळलं, पीली-वॉली म्हणजे पांढराफटक पडलेला, वॅबिट म्हणजे गळून गेलेला. सांगते, वॅबिटला पुस्तकी इंग्लिशमध्ये तितका नेमका शब्द नाही.

पण खरं सांगायचंय ते वेगळंच. एक साठीच्या बाई आल्या, म्हणाल्या रात्रभर बोकिंग चाललंय. लगेच ओशाळल्या, "सॉरी डॉक्टर, व्हॉमिटिंग." बोक म्हणजे ओकारी, मला तोवर कळत होतं. मी भारतातून आलेली, माझा अॅक्सेंट त्यांना धड कळत नव्हता, आणि त्या स्वतःच्या गावात, स्वतःच्या भाषेबद्दल माझी माफी मागत होत्या. पुढचं सगळं त्या टेलिफोनवरच्या ठेवणीतल्या आवाजात बोलल्या आणि कुठे दुखतंय ते अर्धंच सांगितलं. मला परत सगळं विचारावं लागलं.

ग्रॅनाइट_सिटीकर

अॅबर्डीनहून. धागाकर्तीशी निम्मा सहमत. आमच्याकडे डोरिक बोली, व्हॉटला फिट, व्हेअरला फार, हूला फा. "फिट लाइक?" म्हणजे कसं काय. मुलगा लून, मुलगी क्वाइन. पण इथे शेकडो एकरांचा मालक पण डोरिक झाडतो आणि त्याच्याकडचा ट्रॅक्टरवाला पण, त्यामुळे पत्त्यावरून सगळं ठरतं हे गणित इथे तसं बसत नाही. मात्र हेच लोक ग्लासगोला गेले की ट्यूख्टर, म्हणजे गावंढळ. टपोरी नाही, गावंढळ. फरक आहे बरं का, खेड्यातल्या बोलीला लोक निदान अस्सल, जुनी, गोड वगैरे म्हणतात, शहरातल्या कामगाराची तीच बोली मात्र बिघडलेली ठरते. आजोबा गिरणीत गेले म्हणून भाषा नासली असं काहीतरी.

व्यवहारी_विनू

डॉक्टरांचा किस्सा भारी आहे, पण त्याने माझाच मुद्दा सिद्ध होतो ना, त्या बाईंना आयुष्यभराच्या अनुभवाने माहीत होतं की या खोलीत बोक चालत नाही.

आणि उदाहरणं बघा. हमझा युसूफ २०२३ मध्ये स्कॉटलंडचे फर्स्ट मिनिस्टर, म्हणजे मुख्यमंत्रीच, झाले, अनस सरवार २०२१ मध्ये स्कॉटिश लेबर पक्षाचे नेते झाले. दोघंही ग्लासगोचे, बोलणं ऐकलं की ग्लासगो कळतं. पण दोघंही शिकले हचिसन्स ग्रामर शाळेला, फी भरून! ग्लासगोचा सूर चालतो, स्कीमची भाषा नाही. आपल्या लोकांनी काय करायचं ते यातून दिसतंच आहे.

निशिगंधा_क्लाइडकाठ

विनू, बरं झालं स्वतःच बोललास. म्हणजे शिक्का पुसायचा तर फी भरायची. भाषेचा प्रश्न राहिला कुठे मग?

आणि "या खोलीत चालत नाही" हे कोणी ठरवलं ते पण बघ की. १७५२ मध्ये डेव्हिड ह्यूमसारख्या स्कॉटिश तत्त्वज्ञाने टाळायच्या स्कॉटिश शब्दांची यादी छापली, १७७९ मध्ये जेम्स बीटीने अजून एक. १७६१ मध्ये एडिनबराच्या सभ्य लोकांना शुद्ध इंग्लिश उच्चार शिकवायला आले कोण, तर टॉमस शेरिडन, आयरिश नट! स्कॉटिश माणसांना इंग्लिश शिकवतोय आयरिश माणूस आणि हे पैसे देऊन ऐकतायत. पुढे शाळेत "आय" म्हटलं म्हणून हातावर चामड्याचा पट्टा, आमच्या शेजारच्या आजींनी खाल्लाय. त्या बाईंचं "सॉरी डॉक्टर" तिथून येतं, अनुभव वगैरे नंतर.

लीथ_वॉकर

एडिनबरावाल्याचे दोन पैसे. इथे नेड नाही म्हणत, स्कीमी म्हणतात, म्हणजे शिवीतच पत्ता. पण वरच्या थराची पण सुटका नाही हां. मॉर्निंगसाइडच्या नाजूक उच्चारांवर जुना विनोद आहे, तिथे सेक्स म्हणजे ज्यातून कोळसा येतो ते. (सॅक्स, पोती. समजावून सांगितला की विनोद मेला, असो.)

विनूच्या फिंकबद्दल : ते लंडनकडून आलं मान्य, पण मग काय? पोरांनी ते घेऊन "आय", "वेन" (मूल), "हीड" (डोकं) यांच्या शेजारी बसवलं. बाहेरून आलेलं वापरलं की अशुद्ध, तर आपण टेबलाला काय म्हणतो?

व्यवहारी_विनू

टेबल म्हटल्याने कोणाची नोकरी जात नाही.

मले_तुले

मी कधी स्कॉटलंडले गेलो नाही, जाईन असं वाटत नाही. पण पुण्याच्या होस्टेलवर पहिल्या दिवशी "मले भूक लागली" म्हटलं तर आख्खी मेस हसली होती. चार महिन्यात मी "मला" वर आलो. आता घरी गेलो की आई म्हणते, पाहुण्यासारखा कायले बोलून राहिला बे? त्या साठीच्या बाई डोळ्यासमोर आल्या. चालू द्या.

ग्रॅनाइट_सिटीकर

विनू, नोकरीचं म्हणतोस तर ऐक, आमच्या साइटवर लोकल टेक्निशियन ह्यूस्टनच्या साहेबाशी वेगळं बोलतात आणि आपसात वेगळं, एकाच मिनिटात, एकाच रेडिओवर. कोणी शिकवलं नाही. आणि २०२२ च्या जनगणनेत १५ लाखांवर लोकांनी स्कॉट्स बोलतो म्हणून सांगितलंय, २०२५ च्या कायद्याने गेलिकबरोबर स्कॉट्सला अधिकृत दर्जा पण मिळाला. एवढे सगळे काही बेकार नाहीत.

व्यवहारी_विनू

कायद्यात दर्जा मिळाल्याने एचआरवाल्याचे कान बदलत नाहीत काका. जेम्स केलमनला १९९४ चं बुकर मिळालं तेव्हा ग्लासगोच्या बोलीतल्या कादंबरीवर लंडनच्या पेपरांत केवढी आदळआपट झाली होती. बुकर मिळालेल्याची ती गत. दोन्ही बोलता येणं, बरोबर, मला तेच हवंय. पण दुसरी शिकवावी लागते, ताई म्हणतायत मी टोकणारच नाही.

निशिगंधा_क्लाइडकाठ

काल रात्री लेकीलाच विचारलं, शाळेत बाईंना पण आय म्हणतेस का गं? माझ्याकडे बघून म्हणाली, "नो मम्मी, मिसला येस म्हणायचं. आय फक्त ग्राउंडवर. आणि आजीला हो." मग थोडं थांबून, "ॲन्ड यू से इट राँग एनीवे."

व्यवहारी_विनू

😀 आठव्या वर्षी एवढं कळतंय तर माझी हरकत निम्मी मागे. उरलेली निम्मी ती पंधरा वर्षांची झाली की बोलू.

आणि त्या बाईंकडे परत चहाला गेलात तर आउटविथचं सांगाच, आणि चेहरा कसा झाला ते इथे लिहा.