'माउथ पब्लिसिटी'ला मराठीत काय म्हणावं?

विरारवाली: काल सकाळी महिला डब्यात एकजण म्हणाली, "तो पिक्चर नुसत्या माउथ पब्लिसिटीवर चाललाय." मी 'मौखिक प्रसिद्धी' सुचवलं तर अख्खा डबा हसला. 'कर्णोपकर्णी' चालेल का?

गिरगावकर: नाही हो ताई. कर्णोपकर्णी बातमी पसरते, आणि तीही कच्ची. 'कर्णोपकर्णी कळलं' म्हणणारा हमी घेत नसतो. पिक्चर बघून आलेला माणूस मात्र "नाही आवडला तर तिकिटाचे पैसे माझ्याकडून घे" म्हणतो! 'षट्कर्णी' तर गुपितासाठी. तिसऱ्याला कळलं की कान सहा झाले.

शब्दवेडा: मला वाटतं मराठीला नामाची गरज पडली नाही, कारण क्रियापद होतं: गाजणे. मूळ संस्कृत 'गर्ज्'. गंमत बघा, हे अकर्मक आहे. गाजावाजा 'करतात', पिक्चर 'गाजतो'. "एवढा गाजावाजा केला, पण गाजला नाही" हे वाक्य आपण सहज बोलतो. गाजावाजा निर्मात्याच्या खिशातून होतो, गाजणं मात्र त्याच्या हातात नाही. नट भूमिका गाजवतो, हा अपवाद सोडा. 'शोले' १५ ऑगस्ट १९७५ला लागला, तेव्हा सुरुवातीला पडला असंच बोललं जात होतं. मग बघून आलेले लोक संवाद म्हणून दाखवू लागले आणि मुंबईच्या मिनर्व्हा थिएटरात तो पाच वर्षांहून जास्त चालला. याला गाजणं म्हणतात.

विरारवाली: पण गाजणे हा परिणाम झाला. लोकांनी एकमेकांना सांगणं राहिलंच की. 'बोलबाला'?

गिरगावकर: त्यातल्या 'बोल'ला फसू नका. फारसी 'बाला' म्हणजे वर, उंच. ज्याचा शब्द वर, त्याचा बोलबाला. त्यात वर्चस्व आहे, शिफारस नाही. मी सरळ 'लोकांच्या तोंडून चाललाय' म्हणेन.

शब्दवेडा: हे झकास. डब्यात कोणी हसणार नाही.

विरारवाली: बघते उद्या म्हणून. आता उलटी शंका. रात्रीची ती मालिका मला अजिबात आवडत नाही. पण भाग चुकला तर बोरिवली येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसावं लागतं, म्हणून बघते. आमच्यातल्या निम्म्याजणी अशाच. याला काय म्हणायचं?

गिरगावकर: डब्यापुरती आवड. कोशात शोधू नका, आत्ताच केलाय.