'अलहम्ब्रा' हे नाव आले कोठून?

प्रश्न : स्पेनमधील ग्रनादा येथील 'अलहम्ब्रा' या राजवाड्याचे नाव नस्री घराण्याचा संस्थापक मुहम्मद इब्न अल्-अहमर याच्यावरून पडले, असे वाचनात आले. हे ग्राह्य धरावे काय? शिवाय अरबी शब्द 'हम्रा' असेल, तर त्यात 'ब' कसा शिरला?

उत्तर : ग्राह्य धरू नये. 'अहमर' आणि 'हम्रा' ही 'तांबडा' आणि 'तांबडी' अशी एकाच विशेषणाची दोन रूपे असल्याने हा घोटाळा होतो. पूर्ण नाव 'अल्-कलअ अल्-हम्रा' असे होते. आपला 'किल्ला' ज्या 'कलअ' शब्दापासून आला, तो अरबीत स्त्रीलिंगी आहे, म्हणून विशेषणही स्त्रीलिंगी. थोडक्यात, अर्थ सरळ 'लाल किल्ला' एवढाच. त्यातही या टेकडीवरच्या तांबड्या गढीचा उल्लेख नवव्या शतकाच्या अखेरीस सापडतो, आणि इब्न अल्-अहमर ग्रनादात आला तो 1238 साली. तेव्हा नाव राजाच्या कितीतरी आधीचे ठरते. रात्री मशालींच्या उजेडात बांधकाम चाले म्हणून भिंती तांबड्या दिसत, ही कथा रम्य खरी, पण तिची गरजच पडत नाही, कारण तेथील लोहयुक्त तांबड्या मातीत चुना आणि खडी मिसळून, ती फळ्यांच्या साच्यात थराथराने ठोकून या तटबंदीच्या भिंती उभ्या केल्या आहेत.

आता 'ब'विषयी. 'म्' उच्चारताना ओठ मिटलेले आणि नाकाची वाट उघडी असते. पुढच्या 'र'साठी ती वाट किंचित आधी बंद झाली, की मिटलेले ओठ उघडताना 'ब' आपोआप निसटतो. लॅटिन 'उमेरुस' (खांदा) याचे स्पॅनिशमध्ये 'ओम्ब्रो' झाले ते असेच. मराठी माणसाला याचे नवल वाटू नये, कारण 'आम्र'चा 'आंबा' आणि 'ताम्र'चे 'तांबे' होताना हाच 'ब' आला. फरक इतकाच, की आपल्याकडे पुढे 'र' गळाला आणि स्पॅनिशने तो राखला.

पुरवणी प्रश्न : मग मराठीत लिहावे कसे?

उत्तर : स्पॅनिशमध्ये 'ह' अनुच्चारित असल्याने तेथील लोक 'अलांब्रा' म्हणतात. तरीही 'अलहम्ब्रा' हे रूढ लेखन मला अधिक पसंत आहे, कारण त्यात मूळ अरबी 'ह' आणि स्पॅनिश 'ब' हे दोन्ही दिसतात. बाकी 'अल्' हे अरबी उपपद (इंग्रजी 'द'सारखे) नावात असूनही स्पॅनिश लोक नावाच्या आधी त्याच अर्थाचे आपले 'ला' लावतातच. पोर्तुगीजांकडून आलेल्या 'पाव' या शब्दाचा अर्थच 'रोटी' असताना 'पावरोटी' म्हणणाऱ्या आपल्याला त्यांना हसता येणार नाही.