थिसिसवरून पेपर करतेय, रेफरन्सेसमुळे परत आला. व्हँकुव्हर स्टाईल नीट कशी करायची?

थर्डइयर_चेस्ट:
नमस्कार. पल्मोनरी मेडिसिन, थर्ड इयर. थिसिस टीबीवर होता, तो सबमिट झाला, आता गाइड सरांचं म्हणणं याचाच पेपर कर. केला, पाठवला, तर रिव्ह्यूअरपर्यंत जायच्या आधीच एडिटोरियल ऑफिसकडून परत, एका ओळीचा मेल की रेफरन्सेस व्हँकुव्हर स्टाईलमध्ये (मजकुरात येतील त्या क्रमाने नंबर द्यायची पद्धत) नाहीत आणि क्रमही बरोबर नाही. थिसिसमध्ये सगळे हाताने टाइप करून आडनावाच्या एबीसीडीप्रमाणे लावलेत, एकूण ३८ आहेत, त्यात सरांनी आता इंट्रोडक्शनमध्ये अजून दोन घालायला सांगितलेत (दोन्ही आपल्याच डिपार्टमेंटचे, असो), म्हणजे पुढचे सगळे नंबर सरकणार आणि मी परत पहिल्यापासून बसणार. किती नावांनंतर एट अल (म्हणजे 'आणि इतर') करायचं, जर्नलचं छोटं नाव कुठून घ्यायचं आणि डब्ल्यूएचओचा रिपोर्ट कसा लिहायचा एवढं तरी कोणीतरी सांगा प्लीज, इमर्जन्सी ड्युटी लागायच्या आत संपवायचंय.

लायब्ररी_डेस्क:
मॅडम, आमच्या लायब्ररीत हा प्रश्न घेऊन दर वर्षी अख्खी बॅच येते. १९७८ मध्ये काही मेडिकल जर्नल्सचे एडिटर कॅनडात व्हँकुव्हरला जमले, प्रत्येकाची वेगळी पद्धत नको, मॅन्युस्क्रिप्टचे नियम एकच ठेवू म्हणून, त्यावरून हे नाव पडलं आणि पुढे तोच ग्रुप आयसीएमजेई (मेडिकल जर्नल एडिटर्सची आंतरराष्ट्रीय कमिटी) झाला. तरी प्रत्येक जर्नलने आपापली शेपटं लावलीच आहेत, त्यामुळे आधी इन्स्ट्रक्शन्स टू ऑथर्स वाचा आणि त्याच जर्नलचा एखादा ताजा पेपर शेजारी उघडून ठेवा.

तुमचा एबीसीडी क्रम जाणार. मजकुरात जो पहिल्यांदा येतो तो १, आणि तोच पेपर पुढे डिस्कशनमध्ये परत आला तरी १ च, नवा नंबर नाही. आता एक रेफरन्स लिहिताना आडनाव, स्पेस, इनिशियल्स, त्यांच्यात टिंब नको आणि आडनावानंतर कॉमाही नको. सहा नावांपर्यंत सगळी, सातवं असेल तर पहिली सहा आणि एट अल. अमेरिकन मेडिकल असोसिएशनची स्टाईल मागितली असेल तर मात्र सहाच्या वर गेलं की पहिली तीनच ठेवतात, तिथे पुष्कळजण गंडतात. टायटलचं फक्त पहिलं अक्षर कॅपिटल, नंतर विशेषनामं तेवढी. मग जर्नल, वर्ष, सेमिकोलन, व्हॉल्यूम, कंसात इश्यू, कोलन, पानं, आणि सेमिकोलन-कोलनच्या पुढे स्पेस नाही. पानं २८४ ते २८७ असतील तर २८४-७ लिहायचं.

छोटं नाव मनाने करू नका, एनएलएम (अमेरिकेची नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिन) कॅटलॉगमध्ये जर्नल शोधा, तिथे दिलेलं असतं. इंडियन जर्नल ऑफ ट्युबरक्युलोसिसचं 'इंडियन जे ट्युबर्क' होतं, थिसिसमध्ये सर्रास दिसतं तसं 'इंड जे' नाही. आपण सगळे जापी जापी म्हणतो त्या जर्नल ऑफ द असोसिएशन ऑफ फिजिशियन्स ऑफ इंडियाचं 'जे असोक फिजिशियन्स इंडिया' लिहावं लागतं. लॅन्सेट एकच शब्द, तो तसाच.

डब्ल्यूएचओच्या रिपोर्टला संस्था हीच ऑथर, मग रिपोर्टचं नाव, जिनिव्हा, प्रकाशक, वर्ष. वेबसाइटवरून घेतलाय तर तुम्ही कुठल्या तारखेला बघितला ते आणि लिंक, दोन्ही लागतं.

झोटेरोवाला_सिनिअर:
वरचं सगळं बरोबर आहे पण ४० रेफरन्स हाताने करू नकोस गं, उद्या रिव्ह्यूअर म्हणाला अजून एक घाला की परत तेच. झोटेरो टाक, रेफरन्स सांभाळायचं सॉफ्टवेअर आहे, फुकट आहे, वर्डमध्ये प्लगइन बसतं. जादूच्या कांडीसारखं बटण आहे त्यात पीएमआयडी (पबमेड या मेडिकल पेपरच्या डेटाबेसमधला पेपरचा नंबर) किंवा डीओआय (पेपरचा कायमचा ऑनलाइन नंबर) टाकला की पूर्ण माहिती आपोआप येते. स्टाईलमध्ये व्हँकुव्हर निवड, तुझ्या जर्नलचं नाव यादीत असेल तर सरळ तेच. मध्ये दोन घुसवले तरी नंबर स्वतः सरकतात.

आता तो कुठे नडतो ते ऐक. पहिलं म्हणजे डब्ल्यूएचओ. संस्थेचं नाव आडनाव आणि नाव अशा दोन खान्यांत गेलं तर लिस्टमध्ये 'ऑर्गनायझेशन डब्ल्यूएच' असं छापून येतं, जणू कोणी डब्ल्यूएच नावाचा माणूस ऑर्गनायझेशन आडनाव लावून फिरतोय 😄 नावाशेजारच्या छोट्या बटणाने एकच खाना कर. टायटल सगळं कॅपिटलमध्ये आलं असेल तर त्यावर राइट क्लिक करून सेन्टेन्स केस.

दुसरं, आणि हे कोणी सांगत नाही, टेबल. टेबलमधल्या रेफरन्सचा नंबर ते टेबल मजकुरात पहिल्यांदा जिथे सांगितलं त्या जागेप्रमाणे लागतो. पण आपण टेबल्स फाइलच्या शेवटी ठेवतो, त्यामुळे फक्त टेबलमध्येच असलेल्या रेफरन्सला झोटेरो सगळ्यात शेवटचे नंबर देतो. तुझा क्रम यामुळेही हलू शकतो. म्हणून काम चालू असेपर्यंत टेबल जिथे उल्लेख आहे तिथेच ठेव, शेवटी हलव.

पीएसएम_लेक्चरर:
सॉफ्टवेअर ठीक आहे, पण त्यात कचरा भरला तर कचराच बाहेर येतो. गुगल स्कॉलरवरून उचललेल्या माहितीत बऱ्याचदा इश्यू नंबर नसतो, पानं अर्धी असतात, आपल्याकडची नावं उलटी पडतात, विशेषतः ज्यांना आडनावच नाही त्यांची. पबमेडवरून घ्या. तिथलं 'साइट' (Cite) बटण दाबून एनएलएम फॉरमॅट कॉपी केला तरी चालतं, फक्त त्यात सगळे ऑथर येतात आणि मागे डीओआय, पीएमआयडीचं लटांबर असतं, जर्नलला नको असेल तर छाटा.

आणि पबमेड उघडलंच आहे तर पेपर रिट्रॅक्ट झालाय का, म्हणजे जर्नलने मागे घेतलाय का, तेही बघा, ही जबाबदारी आयसीएमजेईने ऑथरवरच टाकलीय. लॅन्सेटमधला कोविडवरच्या हायड्रॉक्सीक्लोरोक्वीनचा मोठा पेपर मे २०२० मध्ये आला आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात मागे घेतला गेला, तरी त्यानंतरही लोक तो साधा पुरावा म्हणून साइट करत राहिले. चॅटबॉटकडून रेफरन्सेस मागवणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको, ऑथर खरे, जर्नल खरं, आणि तसा पेपरच कुठे नाही. डीओआय टाकून पान उघडतंय आणि टायटल तेच आहे एवढं प्रत्येकाचं बघा, ४० चं एका बैठकीत होतं.

थर्डइयर_चेस्ट:
खूप खूप थँक्स सगळ्यांना 🙏 झोटेरो टाकलं, टेबलचा घोळ खरंच होता, दोन रेफरन्स फक्त टेबल १ मध्येच आहेत. एक शंका, सर फाइलमध्ये थेट रेफरन्स लिस्टमध्येच जाऊन दुरुस्त्या करतात, ते चालेल का?

झोटेरोवाला_सिनिअर:
अजिबात नाही, रिफ्रेश झालं की त्यांनी केलेलं सगळं पुसलं जातं आणि मग तू ऐकतेस. सरांना सांग कमेंट टाका, किंवा वेगळी कॉपी दे आणि दुरुस्ती तू झोटेरोमध्ये जाऊन कर. फायनल झाल्यावर फाइल सेव्ह ॲज करून त्या कॉपीत अनलिंक सायटेशन्स दाबायचं, मग लिस्ट साधा टेक्स्ट होते, तीच सबमिट कर. मूळ फाइल मात्र अनलिंक करू नकोस, रिव्हिजन आली की तीच लागणार.