रग्बी लीगमधून रग्बी युनियनमध्ये: रॉबिन्सनला जमलं ते बर्जेसला का नाही?

प्रश्न
लीग आणि युनियन हे रग्बीचे दोन वेगळे प्रकार. जेसन रॉबिन्सन विगन हा लीगचा क्लब सोडून २००० मध्ये सेल या युनियनच्या क्लबकडे आला आणि २००३ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात इंग्लंडसाठी ट्राय (गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवणं) नोंदवला. सॅम बर्जेस २०१४ मध्ये साउथ सिडनीबरोबर लीगचं विजेतेपद जिंकून बाथ या युनियनच्या क्लबला आला आणि साधारण वर्षभरात परत गेला. दोघंही लीगमधले अव्वल खेळाडू. मग घोडं अडलं कुठे?

प्रतिसाद १
मैदानावरच्या जागेपाशी. रॉबिन्सन विंगर, म्हणजे कडेने पळणारा. मोकळ्यात चेंडू मिळाला की समोरच्याला चकवून पळायचं, हे काम दोन्हीकडे जवळपास सारखंच. नवीन शिकायचं ते मुख्यतः किकनंतर मागे कुठे थांबायचं एवढंच. २००१ मध्ये ब्रिस्बेनला लायन्सकडून (ब्रिटन-आयर्लंडचा संयुक्त संघ) केलेला त्याचा ट्राय बघा: ऑस्ट्रेलियाचा लेथम समोर, बाजूला टचलाइन (मैदानाची कडेची रेषा), तरी बाहेरून निसटला. पायातलं ते कसब लीगमधूनच आलेलं.

बर्जेस फॉरवर्ड होता, म्हणजे पुढच्या धडक मारणाऱ्यांपैकी. बाथने त्याला आधी सेंटर (मागच्या फळीत मधला), मग फ्लँकर (फॉरवर्डांमधला कडेचा) केलं आणि इंग्लंडने २०१५ च्या विश्वचषकात पुन्हा सेंटर. फ्लँकरला रक (जमिनीवरच्या चेंडूसाठीची झटापट) आणि लाइनआउट (कडेने आत फेकलेल्या चेंडूसाठी रांगेतून झेप) शिकायचं, सेंटरला स्क्रमनंतर (दोन्ही संघांचे फॉरवर्ड एकमेकांना भिडून रेटतात ती रचना) बचावाची रांग कुठे फुटते ते ओळखायचं. इतक्या कमी वेळात यातलं एकही अंगात मुरत नाही.

प्रतिसाद २
खरी मेख टॅकलनंतरच्या दोन-तीन सेकंदांत आहे. लीगमध्ये पकडला गेलेला खेळाडू उठतो, चेंडू टाचेने मागे देतो. बचाव करणारे १० मीटर मागे जातात. चेंडूसाठी झटापट नाही. म्हणून तिथे धडकेत उभं राहून रेटत राहणं फायद्याचं. युनियनमध्ये तसाच उभा राहिलात तर विरोधक छातीशी चेंडू जखडतात, मॉल (उभ्या खेळाडूंचा गुंता) होतो आणि चेंडू बाहेर आला नाही तर स्क्रम त्यांना मिळतो.

जमिनीवर पडल्यावरही तेच. लगेच अंग वळवून चेंडू हात लांब करून आपल्या बाजूला ठेवायचा आणि सोडायचा. उठायच्या सवयीने क्षणभर जरी धरून ठेवला तरी पेनल्टी, आणि तिची किक साधली तर इथे ३ गुण, लीगमध्ये २. मदतीला येणाऱ्यानेही मागूनच आत शिरायचं, बाजूने आलात तर पुन्हा पेनल्टी. हे डोक्याला लगेच कळतं, पण थकलेल्या शरीराला कळायला मोसम जातो.

प्रतिसाद ३
शिकायला लागणाऱ्या वेळेचं उत्तम उदाहरण सनी बिल विल्यम्स. लीग सोडून २००८ मध्ये फ्रान्सच्या तुलाँ क्लबला गेला, ऑल ब्लॅक्सकडून (न्यूझीलंडचा युनियन संघ) पहिली कसोटी २०१० मध्ये. मधली दोन वर्षं क्लबात घडण्यात गेली आणि मुख्य जागा एकच, सेंटर. त्याची पडता-पडता पास देण्याची हातोटी युनियनमध्ये जास्तच मोलाची ठरली, कारण रक होतच नाही आणि बचावाला रांग लावायला उसंत मिळत नाही.

बर्जेसवर मात्र २०१५ च्या विश्वचषकातल्या वेल्सविरुद्धच्या २५-२८ पराभवाचं खापर फोडतात ते अन्यायाचं आहे. त्याला बाहेर बोलावलं तेव्हा इंग्लंड पुढे होतं.

प्रतिसाद ४
उलट दिशेने, म्हणजे युनियनमधून लीगमध्ये जाणाऱ्याला नियम कमी शिकावे लागतात, पण दर टॅकलनंतर १० मीटर मागे धावण्याने फॉरवर्डचा दम निघतो. वेल्सचा जोनाथन डेव्हिस १९८९ मध्ये विडनेस या लीगच्या क्लबला गेला तेव्हा परतीचं दारही बंद होतं. लीगचे पैसे घेतले की युनियनमध्ये बंदी. १९९५ मध्ये युनियन व्यावसायिक झालं तेव्हाच तो कार्डिफ या युनियनच्या क्लबला परतू शकला.